चाळिसाव्याची कळ

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे, पण हाताने चाचपून सापडणार नाही. स्फाक्स शहरातल्या एका दैनिकाच्या संकेतस्थळावर पाने झाडासारखी मांडली आहेत. एखाद्या पानावर माउसचे उजवे बटण दाबले की कामांची यादी उघडते. तिथे मी राहते. माझे नाव 'चाळिसावा', कारण आमच्याकडे माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घरी कुराणपठण होते. मृत्युवार्तेवर मला दाबले की बरोबर चाळिसाव्या दिवशी मी त्या माणसाची स्मरण-सूचना चढवते. बारा वर्षे मी हे काम बिनचूक केले. कौतुक मात्र संपादकांचे झाले.

मला कचेरीतल्या संगणकवाल्या यामिनाने घडवले. तेव्हाच ती संपादकांना म्हणाली होती, "हमादीसाहेब, ही कळ मी फक्त मृत्युवार्तेच्या फांदीला जोडते."

"कंजुषी कशाला, पोरी? सगळ्या झाडाला लाव. पुढेमागे लागेल."

"साखरपुड्याच्या पानाला चाळिसावा कशाला लागेल?"

"संपादक तू की मी?"

या गृहस्थांना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. पण हुकूम सोडायला अक्कल कुठे लागते? मी क्रीडेला लटकले, हवामानाला लटकले, साखरपुड्यांनाही लटकले. मला लाज वाटे.

गेल्या वसंतात पाने चढवणाऱ्या लतीफाने दोर्साफ नावाच्या मुलीच्या साखरपुड्याच्या पानावर 'फोटो जोडा' सोडून मलाच दाबले. तिचे सगळे लक्ष फोनवरच्या गप्पांत. फोटो आला का, हेही त्या बाईने पाहिले नाही.

चाळिसावा दिवस नेमका दोर्साफच्या लग्नाचा निघाला. सकाळी गावाने वाचले: 'दिवंगत दोर्साफच्या चाळिसाव्यानिमित्त घरी कुराणपठण.' होणाऱ्या सासूने अपशकुन म्हणून दाराला कडी घातली.

मेंदीभरल्या हातांनी दोर्साफ कचेरीत आली.

"काका, माझ्या सासूबाईंकडे चला. मी जिवंत आहे एवढं सांगा."

"मला बैठक आहे," हमादी म्हणाले आणि त्यांनी यामिनाकडे बोट दाखवले. "चूक हिची. हिला मी आत्ताच काढून टाकलं."

यामिना वाद घालत बसली नाही. तिने ती सूचना पुसली, सगळ्या झाडावरून मला उतरवून माझ्या एका फांदीवर ठेवले आणि पिशवी उचलली. "चल ग, मी येते," ती दोर्साफला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लग्नाचे पान चढले. फोटोत नवरीशेजारी यामिना उभी होती. कचेरीत ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, अवजार घ्याल तेव्हा ते कुठे लावू नये, हे घडवणाऱ्याला विचारा आणि त्याचे ऐका. हमादी आता थकले आहेत. एक दिवस त्यांचेही पान माझ्या फांदीवर येईल. त्यांचा चाळिसावाही मी चुकवणार नाही. मला दाबायची आठवण मात्र कुणाला तरी व्हायला हवी.