टीव्हीने खाल्लेली ओळ

आपल्या हाताला यश आहे, असं थोरल्याचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. दिवसभर विमा कचेरीत फायली सरकवून घरी आला, की त्याला काहीतरी उचकटायला लागायचं. त्याच खटपटीतून त्याने जुने भाग जमवून एक कॉम्प्युटर जुळवला, टीव्हीखालच्या कप्प्यात बसवला आणि आता घरात थिएटर आलं म्हणून जाहीर करून टाकलं. ते थिएटर होतं आप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. आप्पांची सगळी नोकरी छापखान्याच्या खडखडाटात झाली होती आणि त्यांच्याआधी त्यांचे कानच निवृत्त झाले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादं वाक्य आत जायचं. सिनेमा बघायचा तर संवाद पडद्यावर लिहून यायला हवेत. थोरल्याने तीही सोय केली, आणि चित्राला आडवं नको म्हणून अक्षरं अगदी तळाला टेकवून बसवली. रोज संध्याकाळी बापलेक शेजारी शेजारी बसून सिनेमा बघायचे. आप्पांशी गप्पा बंद झाल्यापासून थोरल्याला तेवढंच उरलं होतं.

आता चित्र जरा ऐसपैस यायचं, ही गोष्ट खरी. चारी बाजूंचे काठ टीव्हीच्या चौकटीबाहेर जायचे. खिडकी बंद करायची फुली दिसायची नाही, खालची पट्टी दिसायची नाही. पण घरात ब्र काढायची सोय नव्हती. बायको एकदा बोलली, तर "टीव्हीवर असंच असतं" म्हणून त्याने जेवणापर्यंत तोंड फुगवलं. मग घराने अंदाजपंचे काम शिकून घेतलं. बायको माउसचा बाण उजव्या कोपऱ्यात न्यायची, तो दिसेनासा झाला की श्वास रोखून दाबायची, आणि खिडकी बरोबर बंद व्हायची. माणूस कशालाही सरावतो हो.

पण हल्ली आप्पांचं काहीतरी बिनसलं होतं. सगळे खो खो हसत असताना आप्पा मख्ख बसायचे. खून कोणी केला हो, असं कानात ओरडून विचारलं, तर म्हणायचे, "केला असेल कोणीतरी." एकदा तर त्यांनी नायिकेच्या नवऱ्याला तिचा भाऊ करून टाकलं. छापखान्यात उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचणारा माणूस, आणि त्याला साधा सिनेमा कळेना. हे डोकं जायला लागल्याचंच लक्षण, असं त्याने मनाशी धरलं आणि रडवेला होऊन धाकट्या बहिणीला फोन केला. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरली. आप्पांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. ती मान बघून थोरल्याला आणखीच भरून आलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी बहीण येऊन पोचली. दवाखान्याचा रस्ता बघायला म्हणून ती कॉम्प्युटर लावून बसली.

"दादा, वाजले किती? यावर घड्याळ कुठाय?"

"खाली आहे ना."

"दिसत नाही."

"दिसत नाही. पण आहे."

उद्या दोघांनाही एकदमच तपासून आणावं, अशा नजरेने बहिणीने त्याच्याकडे बघितलं. "आणि न दिसणारं आणखी काय काय आहे रे खाली?"

"पट्टी आहे, सिनेमाची अक्षरं..." म्हणता म्हणता थोरला उठला. मग त्याने घाईघाईने कालचा सिनेमा लावला, आवाज बंद केला आणि पहिल्यांदाच नुसती अक्षरं बघत बसला. दोन ओळींचं वाक्य आलं की वरची ओळ दिसे, खालची गडप. एका ओळीचं वाक्य तर अख्खंच गडप. म्हणजे पाल्हाळ लावणाऱ्यांचं अर्धं बोलणं आणि मोजकं बोलणाऱ्यांचं काहीच नाही. खुनी बिचारा शेवटी एवढंच म्हणतो, की मीच मारलं. ते टीव्हीने खाल्लं होतं. थोरला स्वतः कानांनी ऐकायचा, त्याला वाचायची गरजच कधी पडली नव्हती.

मग काय धांदल उडाली म्हणता! त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून चित्र आक्रसवलं, तर भोवती काळी चौकट आली आणि अक्षरं गढूळ झाली. दुसरं काहीतरी बदललं, तर पडदा पार काळाठिक्कर.

"आता काही कापलं जात नाहीये," बायको म्हणाली.

थोड्या वेळाने चित्र आपणहून परत आलं, पण होतं तसंच. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी बायकोनेच टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात कोंबला. "अहो, सारखं त्या डब्याला काय छळताय? टीव्हीला विचारा की."

काखेत कळसा होता. कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जिथे खोचली होती, त्या जागेला मेनूत नाव होतं 'व्हिडिओ प्लेअर'. आणि सिनेमा आला म्हटलं, की चित्र थोडं ताणून काठ छाटायचे, ही टीव्हीची जुन्या डबड्या टीव्हींपासूनची खोड. थोरल्याने नाव बदलून 'कॉम्प्युटर' केलं. चित्र टुणकन आत आलं. घड्याळ आलं, पट्टी आली, फुली आली. "अगंबाई, एवढीशीच आहे होय ही," बायको फुलीकडे बघत म्हणाली.

आप्पांना खुर्चीत बसवून सिनेमा लावला. दोन ओळी आल्या. आप्पा पुढे वाकले, त्यांनी वरची वाचली, खालची वाचली आणि मांडीवर थाप मारून खदखदून हसले. थोरल्याचे डोळे भरून आले. आप्पांचं डोकं जागच्या जागी होतं, आणि आपण त्यांना वेड्यात काढायला निघालो होतो. तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आप्पा, खालची ओळ दिसत नव्हती, मग सांगायचं नाही का?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आप्पा शांतपणे म्हणाले. "पण तू रोज विचारायचास, आप्पा, दिसतंय ना सगळं? इतका खूश असायचास. कसं सांगणार?"

"अहो, पण उद्या डॉक्टरकडे यायला निघाला होतात."

"निघालो होतो."

"आणि त्यांनी गोळ्या दिल्या असत्या तर?"

"घेतल्या असत्या," आप्पा म्हणाले. "आता जरा बाजूला हो. खालची ओळ झाकतोयस."