नोकरीचा रकाना

ऑरेंजबर्गमध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आधी आपल्या पाद्र्याला भेटतो आणि मग मला. हा क्रम मी घालून दिलेला नाही. पण तो मोडलेला मी पाहिलेलाही नाही. माझे नाव अर्नेस्टीन गॅड्सडेन. माझ्या यजमानांचा छापखाना होता. त्यांच्या हयातीत आम्ही उमेदवारांचे चेहरे पुठ्ठ्याच्या पंख्यांवर छापून चर्चच्या बाकांवर ठेवत असू. उकाड्यात हात आपोआप पंख्याकडे जातो आणि प्रवचन संपेपर्यंत चेहरा पाठ होतो. यजमान गेल्यावर मी यंत्रे विकली आणि त्याच जागेत उमेदवारांच्या वेबसाइट आणि देणग्या गोळा करण्याची पाने बांधू लागले. या वयात हे कसले खूळ, असे म्हणणाऱ्यांना मी उत्तर दिले नाही. त्यांतले दोघे पुढे उमेदवार म्हणून माझ्याकडेच आले.

तांत्रिक बाजू माझी नात केटुरा सांभाळते. ती अटलांटात मोठ्या पगारावर होती. मी बोलावले आणि ती आली. ऑफिसात ती मला इतरांप्रमाणेच ‘मिस अर्नेस्टीन’ म्हणते आणि अहोजाहो करते. आजी मी घरी.

यंदा अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, जागेसाठी आमची शार्लीन मुझॉन उभी होती. बाळंतपणे करणारी परिचारिका, आमच्याच न्यू गिलियड चर्चमध्ये वाढलेली. टीव्हीवरच्या एकुलत्या वादसभेत खुर्ची हवी असेल, तर मतदारसंघातल्या हजार माणसांनी उमेदवाराला देणगी दिलेली असली पाहिजे, मग ती पाच डॉलरची का असेना, अशी त्या वाहिनीची अट होती. मुदत शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत. शार्लीनकडे जाहिरातींना पैसा नव्हता. तिच्याकडे होती ती जीभ. ती चालवायला जागाच मिळाली नाही, तर तिची निवडणूक तिथेच संपणार होती.

मंगळवारी आमचा आकडा सातशेच्या आसपास येऊन बसला आणि हलेना. कॉलेजातून देणग्या येत होत्या, शेजारच्या गावांतून येत होत्या. तिच्या स्वतःच्या चर्चमधून मात्र जवळजवळ काहीच नव्हते. वास्तविक रविवारी घोषणांच्या वेळी मी स्वतः उभी राहून सर्वांना सांगितले होते, आणि बाहेर पडताना ज्याला विचारावे तो म्हणाला होता, “दिली की, मिस अर्नेस्टीन.”

प्रचाराचा व्यवस्थापक ब्रँटली व्हॉस वॉशिंग्टनहून आलेला. हुशार माणूस, पण जेवतानाही घड्याळाकडे पाहणारा.

“म्हाताऱ्या मंडळींना फोनवर जमत नाही हो,” तो म्हणाला. “त्यांचा नाद सोडा. कॉलेजच्या पोरांना आणखी दोन ईमेल टाकू.”

“त्या मंडळींना पणतवंडांचे फोटो पाठवायला जमतं, फुटबॉलची तिकिटं काढायला जमतं आणि तुमच्या बुटांबद्दल एकमेकींना लिहायलाही जमतं,” मी म्हणाले. “ते मी वाचलंय. फोनचा प्रश्न नाही हा.”

“माझ्या बुटांना काय झालं?”

“उद्या विचारून सांगते.”

बुधवारी दुपारी चर्चच्या सभागृहात ज्येष्ठांचे जेवण असते. मी केटुराला बरोबर घेतले. तळलेले मासे आणि तांबडा भात वाढून झाला होता. टेबलाच्या टोकाला विल्हेल्मिना फंडरबर्क बसली होती. ती तिथे बसते तेव्हा तेच टेबलाचे वरचे टोक होते. आम्ही एका वर्गात होतो, आणि तिच्याशी सरळ बोललेलेच चालते.

“विल्हेल्मिना, शार्लीनला देणगी दिलीस?”

“दिली.”

“तुझं नाव नाही आलेलं.”

“मग तुझं यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र माझं आहे. माझ्याशी खोटं बोलायची त्याची हिंमत नाही. फोन काढ आणि माझ्यासमोर दे.”

सगळे टेबल खायचे थांबले. विल्हेल्मिनाने रुमालाला बोटे पुसली, चष्मा चढवला आणि नाव, पत्ता, रक्कम असे एकेक भरत गेली. एका बोटाने, पण न चुकता. मग ती थांबली आणि फोन माझ्यापुढे धरला.

“हे तू लिहिलंस?”

‘नोकरी कुठे करता’ असा रकाना होता. तो रिकामा ठेवल्याबद्दल लाल झाला होता. खाली एक बारीकशी चौकट होती: ‘मी बेरोजगार आहे’. तिच्यावर खूण केल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हते.

“एक्केचाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी होते मी,” विल्हेल्मिना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. तिला कधी चढवावा लागत नाही. “या खोलीतल्या निम्म्या लोकांना मी जेवू घातलंय. तुझ्या या केटुरालासुद्धा. भेंडी रुमालात लपवायची ही. आणि आता पाच डॉलर द्यायचे, तर बेरोजगार म्हणून खूण करू? रविवारी मी इथंच फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.”

“मीही तिथंच बंद केला,” चर्चचा कारभार पाहणारे डीकन रफिन ताटाकडे बघत म्हणाले.

“तुम्ही तर दिली म्हणालात मला,” त्यांची बायको म्हणाली.

“तू पण म्हणालीस.”

“मी तुमच्यानंतर म्हणाले.”

टेबलभर हशा झाला, आणि मग एकेक जण बोलता झाला. कोणी रेल्वेत रूळ बसवले होते, कोणी रुग्णालयाच्या चादरी धुतल्या होत्या. सगळे त्याच चौकटीपाशी मागे फिरले होते, आणि दुसऱ्यांनी तर दिली असणार अशा समजुतीने कोणीच ते उघड बोलले नव्हते.

गाडीत केटुराने ते पान पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाली, “मोठ्या देणगीदाराचं काम काय, हे कायद्याने विचारावं लागतं. लहान देणग्या वर्षभरात साठत जातात, म्हणून आपण सगळ्यांनाच विचारतो. ती चौकट सगळेच वापरतात. कमी क्लिकमध्ये काम होतं.”

“आपल्यापैकी कोणाला ती दिसली कशी नाही?”

“आपली माहिती फोनमध्ये साठवलेली असते ना. आपण उघडलं की पान आधीच भरलेलं येतं. नवख्या माणसाला दिसतं तसं आपलंच पान आपण वर्षभर पाहिलेलं नाही.”

ऑफिसात पोचताच मी सर्वांना फोनमधली साठवलेली माहिती पुसायला लावली. ब्रँटलीलाही. त्याला आपला पत्ता आठवायला वेळ लागला.

केटुराने ‘मी निवृत्त आहे’ असे बटण सुचवले. कायद्याला तेवढे पुरेसे होते. मला नव्हते.

“बटण ठेव,” मी म्हणाले. “त्याखाली एक रकाना दे: आयुष्यभर कोणतं काम केलंत? ज्यांना भरायचा, त्यांनी भरावा. आणि ज्यांची परवानगी असेल, त्यांची ओळ नावासकट वेबसाइटच्या पहिल्या पानावर, शार्लीनच्या फोटोच्या शेजारी.”

ब्रँटलीने खुर्ची पुढे ओढली. “मिस अर्नेस्टीन, दोन दिवस उरलेत. रकाना वाढला की माणसं पान सोडून जातात. हे मोजलेलं आहे.”

“कोणावर मोजलंय?”

“देशभरातल्या देणगीदारांवर.”

“त्यांत विल्हेल्मिना फंडरबर्क होती?”

“मला कसं माहीत असणार?”

“मग तुम्ही मोजलेलं नाही.”

तो केटुराकडे वळला. मीही वळले. तिच्या कपाळाला आठी होती, आणि ती भीतीची नव्हती. तिला हे पटत नव्हते.

“आजी, काढायला सांगितलं असतंस तर कळलं असतं,” ती म्हणाली. “तू वाढवते आहेस. सध्या मिळतायत ते कॉलेजवाले गेले तर?”

“कॉलेजवाल्याने निवृत्त म्हटलं नाही, तर त्याला तो रकाना दिसू नये. जमेल?”

“जमेल.”

“मग बांध.”

दिवेलागणीच्या आत पान बदलले होते. गुरुवारी सकाळी आसपासच्या गावांतून पहिल्या ओळी आल्या. रुग्णालयाच्या धुलाईघरात अमुक वर्षे. शाळेची बस, एकही अपघात नाही. मुलींनी आयांची ओळ वाचून त्यांना फोन केले. एकाने वडिलांची ओळ वाचली आणि स्वतःही देणगी दिली. कॉलेजवाले कुठेही गेले नाहीत. ब्रँटली पडद्यासमोर उभ्यानेच कॉफी पीत होता आणि घड्याळाकडे पाहायचे विसरला होता. पण न्यू गिलियडची नावे अजूनही थोडीच होती, आणि हजाराला चाळीसेक कमी होते.

दुपारी विल्हेल्मिनाचा फोन आला. मी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

“अर्नेस्टीन, तुझा रकाना तोकडा आहे.”

“म्हणजे?”

“‘शाळेच्या स्वयंपाकघरात एक्केचाळीस वर्षं, त्यांतली एकोणीस वर्षं मुख्य’, इथं अडकतंय. मुख्य काय? मुख्य दरवाजा?”

“अक्षरांची मर्यादा आहे,” केटुरा हळूच म्हणाली. “ओळ नीट दिसावी म्हणून.”

“‘मुख्य’ काढून टाका ना,” ब्रँटली फोनकडे वाकून म्हणाला. “मॅडम, आम्हाला घाई आहे.”

“हा बुटांचा माणूस ना?” विल्हेल्मिना म्हणाली. “त्याला सांग, मुख्य स्वयंपाकीण व्हायला मला बावीस वर्षं लागली. मी थांबू शकते.”

मागून भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता. मी विचारले, “विल्हेल्मिना, तू कुठे आहेस?”

“सभागृहात. सगळेच आहोत. फोन हातात घेऊन बसलेत.”

“मग त्यांनी का नाही भरलं?”

“माझ्या आधी?” तिला प्रश्नच कळला नाही.

न्यू गिलियडमध्ये दानाच्या वेळी लोक बाकावरून उठून वेदीपर्यंत चालत जातात, आणि सर्वांत आधी चर्चची ज्येष्ठ सेविका, म्हणजे डीकनेस विल्हेल्मिना, जाते. तिच्यापुढे कोणी पाऊल टाकत नाही. हे ब्रँटलीला समजावण्यात मी वेळ घालवला नाही.

“केटुरा, मर्यादा काढ.”

“किती ठेवू?”

“ठेवूच नकोस.”

“पान लांबलचक होईल.”

“होऊ दे. त्यांनी कामही लांबलचक केलंय.”

तिने पाच मिनिटांत ते केले. “आता बघ, विल्हेल्मिना,” मी म्हणाले.

तिने लिहायला घेतले. ती एका बोटाने टाइप करते आणि प्रत्येक शब्द तोंडाने म्हणते, त्यामुळे आम्हाला सगळे ऐकू आले: शाळा, स्वयंपाकघर, मुख्य स्वयंपाकीण, मग तिच्या हाताखाली शिकलेल्या चौघींची नावे. शेवटी ती म्हणाली, “झालं. रफिन, तुम्ही घ्या आता.”

पडद्यावर तिची ओळ उमटली, पाच डॉलर आणि तीन वाक्ये. तिच्याखाली रफिन, मग त्यांची बायको, मग बाकावरच्या क्रमाने एकेक. ब्रँटलीने कप खाली ठेवला आणि शार्लीनला फोन लावला. वादसभेला कोणता कोट घालायचा ते आजच ठरव, असे तिला सांगायला मी त्याला बजावले.