नऊची गोळी

खुब्याचं ऑपरेशन होऊन बा, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी आल्या, त्याच दिवशी मी फर्मान काढलं. "खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज रात्री नऊला. नऊ म्हणजे नऊ."

त्यांनी हूं की चूं केलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. या जैन बाईनं लग्नापासून सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेतलेला नाही. पण मला वाटलं, औषधाला कसला आलाय नेम! दवाखान्यात इंजेक्शनं होती, त्यामुळे तिथे हा प्रश्नच आला नव्हता.

चालणं मात्र झकास सुधारत होतं. वॉकर धरून बा स्वयंपाकघरापासून हिंचक्यापर्यंत, म्हणजे झोपाळ्यापर्यंत, जायच्या आणि त्याकडे नुसतं बघून परत यायच्या. सगळं भावनगर आमचं कौतुक करत होतं. व्यायाम करून घ्यायला संध्याकाळी निमेषभाई यायचे.

"बा, या नवरात्रीत गरबा!"

"तूच नाच मेल्या. मी टाळ्या वाजवते."

बाराव्या दिवशी निमेषभाईंचा हात बांच्या पोटरीवर थांबला. त्यांनी दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या, पुन्हा मोजल्या. थट्टा बंद झाली.

"चारुलबेन, गोळी चालू आहे ना?"

"रोज. मी स्वतः हातात देते."

"हातात देता. तोंडात जाते का?"

बा खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना दम लागला होता, आणि आज तर त्या चालल्याही नव्हत्या. रोज रात्री गोळी हातात दिली की त्या जपमाळ घेऊन बसायच्या. मी जपमाळेची डबी उघडली. माळेखाली अकरा गोळ्या होत्या.

"बा, हे काय केलंत?"

"तुझ्याशी वाद कोण घालणार बाई? नऊला माझं तोंड बंद असतं. टाकल्या नाहीत हो, जपून ठेवल्यात."

मी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. "पायात रक्ताची गुठळी झाली असणार. जागचं हलवू नका, गाडी पाठवतोय," ते म्हणाले. मग चिडून, "नऊच कशाला? कागदावर दिवसातून एकदा एवढंच लिहिलंय. दुपारी दिली असती तरी चाललं असतं!"

नऊ ही माझी वेळ होती. तेव्हा ओटा आवरून होतो, मालिका संपते. एका शब्दानं विचारलं असतं तर! मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

निमेषभाई गाडीची वाट बघत फाटकाशी उभे राहिले. बांचे ओठ कोरडे पडले होते. श्वास वरच्या वर अडकत होता. मी पेला पुढे केला.

"मावळला का गं?"

"नाही बा, अजून ऊन आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"झाकून ठेव," त्या म्हणाल्या. "उद्या उजाडल्यावर पिईन."