फांद्या उपटणारा

रौतासाल्मी गावात सुलोला तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण पाठीमागे सगळे त्याला 'अजून नाही' म्हणत. हिवाळ्यात तळं गोठायला लागलं की लोक विचारायला येत, "काय सुलो, जायचं का बर्फावर?" आणि तो म्हणे, "अजून नाही." आईबापांनी नाव ठेवलं होतं सुलो, म्हणजे गोडवा. पण कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच.

गावाची रीत जुनी. एका माणसाने लोखंडी पहार घेऊन बर्फ ठोकत पुढे जायचं आणि जिथे भरवसा वाटेल तिथे स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवायच्या. त्या फांद्यांच्या कडेने बाकीच्यांनी मासे मारायला जायचं. वसंतात त्याच माणसाने त्या उपटायच्या. एकदा उपटल्या की वाट बंद, मग चर्चचा पाद्री का असेना, बर्फावर पाय ठेवायचा नाही. सुलो थोरला, म्हणून बापाची पहार त्याच्याकडे आली. धाकट्या तौनोला बापाची होडी मिळाली, आणि बापाचं हसणंही.

आता असल्या कामात यश दिसणार कसं? कुणी बुडालं नाही म्हणजे सुलो बरोबर होता की नुसताच भित्रा होता, हे सांगणार कोण? गेली दोन वर्षं त्याने फांद्या लवकर उपटल्या. त्यामुळे गावाची मासे मारण्याची शर्यत दोन्ही वेळा हुकली, आणि बर्फ मात्र त्यानंतर कितीतरी दिवस ढिम्म हलला नाही. लोक किनाऱ्यावर उभे राहून आधी बर्फाकडे बघत आणि मग सुलोकडे. ते बघणं त्याच्या पोटात साचत गेलं.

यंदाही एप्रिल लागताच त्याने फांद्या उपटल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर येऊन बघतो तर तौनोने नव्या रोवून ठेवलेल्या. त्याही खिंडीतून, म्हणजे दोन्ही बाजूंची जमीन जवळ येऊन तळं अरुंद होतं आणि बर्फाखाली पाण्याला ओढ असते तिथून.

"चाळीस सेंटीमीटर जाड आहे," तौनो बर्फाला भोक पाडायचं गिरमिट पुसत म्हणाला. "ट्रॅक्टर घातलास तरी जाईल."

"जाडी मोजलीस. दम बघितलास का?" सुलोने पहार एकदाच हाणली. निघालेला तुकडा त्याने तळहातावर घेतला तर त्याच्या उभ्या काड्या काड्या सुटल्या. "बघ. उन्हाने आतून कुजलाय."

"सकाळी थंडीने घट्ट असतो. ऊन चढायच्या आत परत येऊ."

"आणि नाही आलात तर?"

"तर तू आहेसच की इथे, 'मी सांगितलं होतं' म्हणायला." तौनो हसला. "खरं सांग, जन्मात एकदा तरी म्हणायला मिळावं असं वाटतं ना रे तुला?"

आजूबाजूचे चारजण हसले. सुलोने पहार खांद्यावर टाकली. तौनोचं बोलणं वर्मी लागलं होतं, पण ते खरं आहे म्हणून लागलं, हे त्याने स्वतःलाही कळू दिलं नाही.

घरी हेल्मी खिडकीशी बसून गळाची दोरी सोडवत होती. लग्नाला तीस वर्षं झालेली बायको; तिच्या हातातली दोरी बघूनच तो समजला.

"तू जायचं नाहीस," तो म्हणाला.

"दोन वर्षं तुझ्यामुळे शर्यत हुकली. दुकानात बायका माझ्याशी आजाऱ्याच्या घरी आल्यासारख्या हळू बोलतात. एक दिवस मला त्यांच्यात बसून कॉफी पिऊ दे."

"बुडशील, हेल्मी."

"तुला खरंच तसं वाटत असेल तर अडव. दार लावून घे, मी आरडाओरडा करणार नाही."

ती थांबून राहिली. सुलो दाराकडे गेलाही, पण तौनोचं हसणं त्याच्या कानातून जात नव्हतं. "जा," तो म्हणाला. "बर्फच शिकवेल सगळ्यांना." मात्र सकाळी त्याने खुंटीवरचे दोरीला बांधलेले दोन टोचे काढून स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातले. बर्फ फुटला तर तेच रोवून माणूस वर येतो.

दिवसभर तो किनाऱ्यावर उभा होता. पायाशी दोरखंड, शिडी, जवळच तौनोची होडी. सगळं गाव खिंडीपलीकडे बर्फात पाडलेल्या भोकांपाशी बसलं होतं आणि त्यांचं हसणं इकडे ऐकू येत होतं. हेल्मीची लाल टोपी त्याने नजरेआड होऊ दिली नाही. कुणी नुसतं वाकलं तरी तो दोरखंड उचले. ऊन चढलं, बर्फावर पाणी चमकायला लागलं, ठरलेली वेळ टळून गेली तरी कुणी उठेना, आणि त्याच्या छातीत धडधड वाढत गेली. ती धडधड भीतीची आहे असंच तो मानत होता.

मग ते परतले. खिंडीतून एकेक करून, घोट्याएवढ्या पाण्यातून. बर्फ कण्हला. पण फुटला नाही.

तौनो सगळ्यात मोठा मासा खांद्यावर टाकून आला आणि जाता जाता सुलोच्या हातात थर्मास देऊन गेला. "घे, उरलेली कॉफी. दमला असशील उभा राहून." हेल्मी शेवटी आली. किनाऱ्यावर पाय ठेवून तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, थोडी थांबली आणि घराकडे चालू लागली. सुलोने दोरखंड गुंडाळला. बायको सुखरूप आली होती, आणि तो मात्र भरल्या ताटावरून उपाशी उठवल्यासारखा घरी गेला.

रात्री वारा सुटला, मागोमाग कोमट पाऊस. उजाडताच सुलो तळ्यावर पोहोचला. खिंड सबंध मोकळी झाली होती. काळ्या पाण्यावर तौनोच्या फांद्या तरंगत होत्या. काठाला लागलेली एक त्याने उचलली आणि साठी ओलांडलेला तो माणूस घरापर्यंत पळत आला.

हेल्मी ओट्याशी माशांची खवलं काढत होती.

"फुटला," तो धापा टाकत म्हणाला. "खिंड सगळी फुटली, हेल्मी. मी म्हणत होतो ना? चल, दाखवतो तुला. तौनोलाही उठवतो, सगळ्यांना उठवतो. आता बोलू देत."

"कुणी होतं तिथे?"

"छे, एवढ्या सकाळी कोण असणार?"

तिने सुरी खाली ठेवली. "काल मी परत आले तेव्हा तुझं तोंड पाहिलं, सुलो. रात्रभर मनाची समजूत घातली, की थकला असेल, थंडीने तोंड तसं झालं असेल."

"म्हणजे?"

"आज कळलं, तुला आनंद होतो तेव्हा तू कसा दिसतोस ते. काल मी जिवंत आले तेव्हा तू असा दिसत नव्हतास."

सुलोने फांदी खाली केली. फांदीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. हेल्मीने फडकं आणून त्याच्या पायाशी टाकलं आणि सुरी पुन्हा हातात घेतली.