पाणवठ्याच्या पुढचं गाणं

"थांब, थांब आत्या!" एल्वीना ओरडली. रूबीआत्या कडव्याच्या मधोमध तोंड उघडं ठेवून थांबली. लॅपटॉपवर पाटी झळकली होती: जागा शिल्लक नाही.

"मशीन दमलं होय गं? मी ऐंशीची झाले, मी नाही दमले," आत्या म्हणाली.

हसायला वेळ नव्हता. दवाखान्याचं छोटं विमान थोड्या वेळात आत्याला लांबच्या ॲलिस शहरात नेणार होतं, डायलिसिससाठी. आमच्या वाळवंटातून त्यासाठी शहरात गेलेलं म्हातारं माणूस बहुधा शवपेटीतूनच परत येतं, हे तिलाही ठाऊक होतं. आणि आमचं जुनं गाणं वाळवंटातल्या वाटेने एकेका जागेवरून पुढे जातं; त्यातला पाणवठ्याच्या पुढचा अर्धा भाग आता एकट्या तिलाच येत होता. शाळेतल्या पोरींसाठी तो आज रेकॉर्ड झाला तर झाला, नाहीतर कधीच नाही.

मी क्लिफर्ड, भाषाकेंद्राचा ड्रायव्हर. मला गाडीपलीकडे काही कळत नाही, पण गप्प बसायची सवयही नाही. एल्वीना केंद्राची रेकॉर्डिंगं सांभाळते. तिने कचरापेटी रिकामी केली, तात्पुरत्या फायली काढल्या, तरी जेमतेम एका कडव्याची जागा झाली.

"आणि हे काय? फुटबॉलचे एवढे सामने? केंद्राच्या लॅपटॉपवर?"

"त्याला हात लावायचा नाही हं! आपण फायनल जिंकलो तो सामना आहे त्यात. दुसरी प्रत नाही कुठे."

"तेव्हा तुझं पोट आत होतं ना, म्हणून जपतोयस."

मी काही बोलणार, तोच लॅपटॉपने स्वतःच सुचवलं: हा फोल्डर दोन वर्षांत उघडलेला नाही, काढून टाकायचा का? सगळ्यात मोठा तोच होता. एल्वीनाने माउसवरचा हात काढून घेतला.

उघडला नव्हता, कारण उघडायचाच नव्हता. त्यात तिचे वडील होते, रूबीआत्याचा धाकटा भाऊ. त्यांनी पाणवठ्यापर्यंतचं गाणं म्हटलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. आम्हा वाळवंटातल्या आदिवासींत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा चेहरा बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. घरातलं मोठं माणूस 'आता चालेल' म्हणेपर्यंत नाही.

"काळ्या डिस्कवर प्रत आहे ना? मग टाक काढून," मी म्हणालो. बाहेर दवाखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"न बघता? क्लिफदादा, प्रत चालवून बघितल्याशिवाय मूळ पुसायचं नाही. आणि चालवून बघायचं तर..." तिने फोल्डरकडे बोट दाखवलं.

आत्या आमच्या तोंडाकडे बघत होती. "काय आहे त्यात?"

एल्वीनाने मान खाली घातली. आत्याला कळलं. तिने डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लाव," ती म्हणाली.

"आत्या, घरच्यांना विचारायला हवं..."

"घरची मोठी आता कोण? मीच ना? लाव म्हणते ना!"

एल्वीनाने काळी डिस्क जोडली. आधी तिच्या वडिलांचा खोकला आला, मग हसणं. "सुरू झालं का गं हे?" असं विचारून ते गायला लागले. एल्वीनाने दोन्ही हात तोंडावर दाबले. मला तिच्याकडे बघवेना. आत्या मात्र डोळे मिटून मांडीवर ताल धरत होती.

तिसऱ्या कडव्यात आवाज घरघरला आणि तुटला. एल्वीनाने पुढे सरकवून बघितलं. पुढे काहीच नव्हतं. ती डिस्कही भरलेली; प्रत अर्धवट उतरली होती.

मघाशी तिने माझं ऐकलं असतं तर? बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"माझे सामने काढ," मी म्हणालो.

"दादा, फायनल?"

"काढ गं बाई! माझं मन फिरायच्या आत काढ!"

तिने सामने काढले, कचरापेटीतूनही काढले, नाहीतर जागा सुटत नाही म्हणे. मग मान हलवून खूण केली. भाऊ पाणवठ्यावर थांबला होता, तिथून आत्याने गाणं उचललं आणि कुठेही न अडखळता संपवलं. एल्वीनाने लगेच चालवून बघितलं. सगळं नीट आलं होतं.

आत्याने टोपी चढवली. मी तिचा हात धरून गाडीकडे निघालो, तर ती दारातच वळली.

"पोरी, मी गेले की माझा आवाज बंद करून ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी शाळेत लावा. माझी परवानगी मीच देऊन जातेय. क्लिफर्ड, तू साक्षीदार."

"असं नको ना बोलू, आत्या!" एल्वीना रडत म्हणाली.

"मग कोण बोलणार? मीच मोठी ना."

तिला गाडीत बसवून मी शाळेतून एक रिकामी डिस्क मागून आणली. एल्वीनाने तिच्यावर दोन्ही गाणी उतरवली आणि ती प्रत ऐकत बसली. आधी वडील, मग आत्या.

"पुढे सरकव की थोडं," मी म्हणालो.

"नाही. शेवटपर्यंत ऐकते."

छपरावरून विमान गेलं. तिने आवाज थोडा वाढवला.