अर्ध्या पावलाची जागा

"आत्या, ती मटणाची ताटली उचल बघू तिथून. माझं पाऊल तिथंच पडणार आहे."

कामादोने ताटली उचलली खरी, पण त्या फरशीवरून तिची नजर हटेना. जन्मभर टोफू विकणाऱ्या बाईला कराटेतलं काय कळतं, असं तिच्या भाच्याला, मोरियासुला, वाटे. वाटू दे बापडं.

बेटावर शिमीचा, पितरांना कबरीपाशी जेवू घालायचा सण होता. लख्ख दुपारी सगळं घराणं कबरीपुढच्या फरसबंद अंगणात जमलं होतं. पितरांना वाढून झालं होतं. आता मोरियासु त्यांच्यापुढे काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींची मालिका, करणार होता, आजोबांनी घडवलेली, घराण्याची. तिच्यात उजवीकडे वळताना अर्धंच पाऊल पडे. पार ब्राझीलपर्यंतचे शिष्य ते अर्धं पाऊल टाकत आणि त्यात गुप्त डाव आहे असं एकमेकांना सांगत. पण मुख्य जपानहून बेटावर येणारे परीक्षक त्याला चूक म्हणत. येत्या रविवारी पूर्ण पाऊल पडलं नाही, तर मोरियासुच्या आखाड्याची मान्यता जाणार होती.

डाव कसला डोंबलाचा! महायुद्धात घरचे सगळे याच खोलीएवढ्या कबरीत लपले होते. कामादोची थोरली बहीण त्सुरुताई पाण्यासाठी बाहेर पडली आणि या अंगणातच, उजवीकडच्या फरशीवर, तोफेच्या माऱ्यात गेली. एकोणीस वर्षांची पोर. त्यानंतर बाबांनी, म्हणजे मोरियासुच्या आजोबांनी, त्या फरशीवर कधी पाय दिला नाही. इथेच ते शिकवत. कारण कुणाला सांगितलं नाही आणि शिष्यांनी दिसलं तसं उचललं.

मोरियासु वळला. पाऊल अर्ध्यातच थांबलं.

"तीस वर्षांची खोड ती, अशी जाते होय?" त्याची बायको हसली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पाय हवेतच थरथरला. मोरियासु पांढराफटक पडला आणि कामादोपाशी येऊन पुटपुटला, "आत्या, कुणीतरी घोटा धरतंय गं. हात थंडगार आहे."

कामादोच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीपेक्षा तिला मायाच दाटून आली. इतकी वर्षं ताई इथेच होती तर! खरं सांगितलं असतं, तर भाच्याने पाऊल अर्धंच ठेवलं असतं. मग आखाडा बुडाला असता, आणि पंचेचाळिशीला आलेल्या त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

ती गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि फरशीपाशी वाकली.

"ताई, सरक गं जरा," ती हळूच म्हणाली. "आपल्या दादाचाच पोरगा आहे. पोटावर पाय येतोय त्याच्या. जाऊ दे त्याला."

मोरियासु पुन्हा वळला. या वेळी पाऊल पूर्ण पडलं, टाच फरशीवर खणखणीत वाजली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कामादोला मात्र हुंदका आवरेना. आता ताईसाठी जगात कुणीच जागा सोडणार नव्हतं.

"आत्याबाई, अहो आनंदाच्या वेळी रडता काय?" म्हणत भाचेसुनेने तिला पाणी दिलं.

निघताना कामादोने त्या फरशीवर तळवा टेकवला. उन्हाने ती तापली होती, शेजारच्या फरश्यांइतकीच.