पिवळा दिवा

गल्लीत त्याला गिअरबॉक्सचा डॉक्टर म्हणत, आणि तोही ते खरं मानून बसला होता. आज मात्र त्याचाच ऑटोमॅटिक ट्रक बिघडला. फाटकातून निघून कोपरा गाठेपर्यंत गाडीने भराभर सगळे गिअर बदलून संपवले. इंजिन बोंबलत होतं, आणि मागून आलेला सायकलवाला आरामात पुढे गेला.

"गिअरबॉक्स गेला," त्याने शेजारी बसलेल्या मेहुणीला गंभीरपणे सांगितलं. "उतरवून उघडावा लागेल."

"भाऊजी, हा पिवळा दिवा कसला हो?"

दिवा लो-रेंजचा होता. सकाळी चिखलात रुतलेला ट्रक चारही चाकांच्या जोरावर बाहेर काढायला डॉक्टरांनीच तो खटका फिरवला होता. लो-रेंजमध्ये इंजिन कितीही फिरलं तरी चाकं संथच फिरतात, म्हणून सगळे गिअर सायकलच्या वेगातच संपतात. हे तो गिऱ्हाइकांना डोळे मिटून समजावत असे. डोळे मिटूनच, बहुतेक.

त्याने ट्रक थांबवला, न्यूट्रलमध्ये घातला आणि खटका मागे फिरवला.

"झाला बरा?" मेहुणीने विचारलं.

त्याने ट्रक तडक गॅरेजकडे वळवला. तिथे अगदी याच तक्रारीचा एका गिऱ्हाइकाचा ट्रक कालपासून पोट फाडून ठेवला होता, आणि त्याचा दिवा बघायचं डॉक्टरांना सुचलंच नव्हतं.